लाभ, एक, दोन

पांढरकवडा,
रविवार, २४ सप्टेंबर २०१७

ती. कोकिळाआत्यास,
सा. न.

मागच्या रविवारच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. किसनरावांच्या शेतातल्या सापळ्यांत तीन दिवस सात-सात पतंग सापडले, धोक्याची खूण आठाला आहे, म्हणून मी निवांत आहे, असं लिहिलं होतं. सात नव्हते. आठ होते.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि बाबांनी वरच्या पट्टीत ओरडून तुला सांगावं असं हे नाही.

कसं कळलं ते क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा चुकेन.

तू माझं काम कधी पाहिलं नाहीस. शेतात, कपाशीच्या पऱ्हाटीच्या वर हातभर उंच काठी असते, तिला नरसाळं आणि खाली लांब पिशवी. झाकणाखाली मादीच्या वासाची एक बारकी गोळी. त्या वासाला कामगंध म्हणतात. माणसाला तो येत नाही. मी गोळी नाकाशी धरून पाहिली आहे, काहीच नाही, रबर. पण नर पतंग त्यासाठी रात्रभर शेतं ओलांडून येतात आणि पिशवीत पडतात. सकाळी मी जाते तेव्हा दव असतं, पलीकडचा बांधसुद्धा दिसत नाही, आणि पिशवी हलवली की भाताच्या दाण्याएवढे राखाडी पतंग पांढऱ्या कागदावर सांडतात. त्या वेळी मला नेहमी वाटतं की मी अजून झोपेतच आहे आणि कोणीतरी मला मोजायला सांगितलं आहे.

एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ पतंग आले, की गुलाबी बोंडअळी बोंडात शिरणार असं धरायचं आणि गावाला सांगायचं. आठ. साडेसात नाही.

आज सकाळी लालीबाई शेजारी बसली होती. ती तांड्यावरून आमच्या प्लॉटवर कामाला येते. मी नेहमीसारखी ओठांतल्या ओठांत मोजत होते. ती म्हणाली, "काहून वं मॅडम, पयलं पाखरू सोडून देता? ते काय तुमचं पाव्हणं हाय?"

मी म्हटलं, "सोडत नाही. तो लाभ."

"मंग लाभच त एक. आमी जवारी मोजतो त लाभ, दोन, तीन. तुमी लाभ म्हणता आन् मंग एक म्हणता. हे कुठलं गणित?"

आत्या, मी पुन्हा मोजले. लाभ, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग बोटाने एकेक सरकवून मोजले. आठ.

तू मला सरकीवर मोजायला शिकवलंस ते असंच. चौथीपर्यंत दम्यामुळे मी शाळेत गेलेच नाही, सगळं शिकणं तुझ्यासमोर पाटावर. पहिली सरकी बाजूला, डब्यात. लाभ. मग एक, दोन. मनात मोजताना मी अजून तशीच मोजते हे मला माहीतच नव्हतं. जूनपासून रिकामा सापळा सोडला तर माझा प्रत्येक आकडा एकने कमी आहे.

चौदा, पंधरा, सोळा सप्टेंबर, तिन्ही दिवस मी सात लिहिलं. मग पाच दिवस पाऊस, पतंग कमी. आणि आता बावीस, तेवीस, चोवीस, पुन्हा सात. म्हणजे दोनदा आठ झाले आणि मी गावाला एकदाही सांगितलं नाही.

मला दुरुस्तीचा कागद लिहायचा आहे. त्यात "कारण" असा रकाना असतो. म्हणून विचारते : आपल्या घरात लाभ वेगळा काढून मग एक म्हणायची रीत कुठून आली?

तुझी,
आभा

*

उमरखेड,
बुधवार, २७ सप्टेंबर

चि. आभास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरून आणि दुसऱ्यांदा हसून.

आभे, तुझं हे आजचं नाही. सात वर्षांची असताना शेजारच्या भागीरथाकाकूंच्या झाडाचा एक पेरू खाल्लास आणि दुपारभर त्यांच्या दारात उभी राहिलीस, सांगायचं म्हणून. त्या बिचाऱ्या झोपल्या होत्या. उठल्या तर तू दारात रडतेस, त्यांना वाटलं घरात कोणी गेलं. आता पतंगाचा पेरू झाला.

खरं विचारू का? येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी कोजागिरी, आणि त्याच दिवशी तुझं साक्षगंध. जसं साक्षगंध जवळ येतं तसे तुझ्या सापळ्यातले पतंग वाढतात का गं? साकेत चांगला मुलगा आहे. नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, तुलाही फेलोशिप नागपूरचीच मिळते आहे. घर आणि काम एका गावात, हे किती बायकांना जमतं? तू स्वतःच म्हणाली होतीस की इतकं बरं जुळलं की भीती वाटते. मला वाटतं ती भीती आता शेतात जाऊन बसली आहे.

तुझे पतंग कामगंधाला येतात, आपली माणसं साक्षगंधाला येतील. पतंग तरी वेळेवर येतात, साकेतच्या मामांचं सांगता येत नाही.

माझं ऐक. साक्षगंध होऊ दे. मग सांग तुझ्या साहेबांना. आठ दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. माझा दादा हॉलचं बघून आला, पन्नास माणसं धरली आहेत. तुझी मोरपंखी साडी फॉल लावायला दिली आहे.

आणि लाभाचं काय विचारतेस? घराची रीत आहे. तुझ्या आजीपासूनची.

मंगळवारपर्यंत घरी पोच. येताना तुझ्या त्या शेतातला कापूस आण मूठभर, वाती करायला.

तुझी,
कोकिळाआत्या

*

पांढरकवडा,
रविवार, १ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

आज रविवार आणि उद्या गांधी जयंती, टपाल बंद आहे म्हणून हे परवा महागाववरून उमरखेडला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ, रामलालभाऊंजवळ, देते आहे.

मी पेरूवर हसले. मग आठवलं की भागीरथाकाकूंना मी शेवटी सांगितलंच नव्हतं. त्या विचारत राहिल्या आणि मी रडत राहिले. तू माझ्यावतीने सांगितलंस. या वेळीही तसंच झालं, फक्त माझ्यावतीने बोलायला कोणी नव्हतं.

साहेबांकडे सोमवारीच गेले होते. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नाही. म्हणाले, "आजपर्यंतचा तक्ता वर गेला आहे. त्यावर तुझंच नाव आहे आणि तुझ्या फेलोशिपची शिफारसही त्याच्याबरोबर गेली आहे. आता ऑक्टोबरमध्ये आठ लिही, मग नऊ. आकडा आपोआप चढेल. कोणाला काही सांगायची गरज नाही."

"आणि मधले दिवस?"

"मधले दिवस कोण विचारतो?"

मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले. किती सोपं होतं. एखाद्या पतंगाने वाट सोडून दुसरीकडे जावं तितकं.

मग किसनरावांकडे गेले. सापळे त्यांच्या शेतात आहेत, त्यांना आधी कळायला हवं. ते ओट्यावर बैलाची वेसण वळत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी वेसण खाली ठेवली आणि सरळ शेतात गेले. मी मागे. पऱ्हाटीत वाकून एक फूल तोडलं. पाकळ्या उमलल्याच नव्हत्या, गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. डोमकळी. त्यांनी ती उघडली. आत अळी होती.

म्हटलं, "मी आत्ताच घरोघरी जाऊन सांगते."

"थांब पोरी. एकेकाले सांगशीन त शेवटच्या घरी जाईलोक गोष्टीले पाय फुटतीन. सारे पंप घेऊन पळतीन वावरात. यंदा फवारणीनं किती जण दवाखान्यात पडून हायेत, मालूम हाय ना तुले? समद्याइले एका जागी सांग. काय करा आन् काय नोको करा, दोन्ही सांग. दसऱ्याले सारं गाव पारावर येते. तवा सांग."

काल दसरा होता, आत्या. मी गेले. मारुतीच्या पारावर सगळं गाव होतं. संध्याकाळचं ऊन इतकं पिवळं होतं की माणसं त्यात बुडाल्यासारखी दिसत होती. सगळ्यांनी मला सोनं दिलं. म्हातारे म्हणाले, "मॅडम, यंदा पऱ्हाटी मस्त हाय, तुमच्या पायगुणानं." माझी ओंजळ आपट्याच्या पानांनी भरली. किसनराव दोनदा माझ्याकडे बघून खाकरले. मला उठायचं होतं. मी मनात म्हटलं, आता. मग म्हटलं, हे आजोबा बसले की. मग म्हटलं, ही मुलं गप्प झाली की. आणि मग पार रिकामा झाला.

रात्री स्वप्नात मी पऱ्हाटीतून चालत होते आणि प्रत्येक बोंडातून कोणीतरी हळू आवाजात म्हणत होतं, लाभ. फक्त तेवढंच. पुढे कोणीच मोजत नव्हतं.

आज किसनराव म्हणाले, "झालं ते झालं. आता सारं गाव येईन ते कोजागिरीलेच, दूध प्याले."

म्हणजे गुरुवारी. म्हणजे साक्षगंधाच्या दिवशी. दसऱ्याला तोंड उघडलं असतं तर हे दोन दिवस एकमेकांवर आलेच नसते. हे मीच करून ठेवलं.

साकेतला मी अजून काही सांगितलेलं नाही. काल त्याचा फोन आला होता, अंगठीचं माप विचारायला. मी माप सांगितलं.

आणखी एक. रागावू नकोस. मी बाबांना रीतीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आपल्या घरी लाभ, दोन, तीन, असंच. आईही तसंच मोजायची. कोकिळेनं तुला काय शिकवलं ते तिलाच विचार." म्हणजे ती आजीपासूनची रीत नाही. कागदावर खोटं कारण लिहायचं नाही म्हणून विचारते, तुला पकडायचं म्हणून नाही.

तुझी,
आभा

*

उमरखेड,
मंगळवार, ३ ऑक्टोबर

चि. आभास आशीर्वाद.

पकडलंस ते बरं केलंस. तू आज घरी येणार होतीस. गाडीतून तू नाही उतरलीस, तुझं पत्र उतरलं. दादा रस्त्यापर्यंत जाऊन आला. मी त्याला सांगितलं, काम निघालं असेल. बाकी तू सांग.

आता तुझ्या रकान्यासाठी.

तुझी आई गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस आणि मी सव्वीस वर्षांची. त्याच महिन्यात मला अकोल्याहून नेमणुकीचं पत्र आलं होतं. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत. कपाशीची शंभर सरकी मोजून ओल्या कागदात गुंडाळायची आणि किती उगवतात ते लिहायचं, हे काम. बी.एस्सी.नंतर दोन वर्षं मी त्याची वाट पाहत होते.

ते पत्र मी कोणालाच दाखवलं नाही. तुझ्या बाबालाही नाही. आजपर्यंत नाही. लोक म्हणतात, भावासाठी कोकिळेनं सगळं सोडलं. दादासुद्धा कधीकधी माझ्याकडे असा बघतो की जणू त्यानं काही घेतलं आहे. त्यानं काही घेतलं नाही. त्याला मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित म्हणाला असता, जा, मी बघतो पोरीचं. कदाचित तुला घेऊन अकोल्याला जा, असंही म्हणाला असता. मी कोणाच्या तोंडून "नाही" ऐकायच्या आधी स्वतःच नाही म्हणून टाकलं, आणि मग सगळे म्हणाले, किती गुणाची.

तुला सरकीवर मोजायला शिकवायला बसले तेव्हा तू चार वर्षांची. दिवसभर घरात सगळं मोजलेलं असायचं. पोळ्या, कपडे, पाहुणे, औषधाचे चमचे. मला वाटलं, एक तरी वस्तू असू दे जी कोणाच्या हिशेबात नाही. म्हणून पहिली सरकी मी डब्यात टाकायची. लाभ. ती माझी. मग तुझ्यासाठी एक, दोन, तीन. तू विचारलंस, पहिली कुठे गेली? मी म्हटलं, ती मोजत नाहीत. तू लगेच मानलंस. इतकं निमूट मानलंस की मला पुढे कधी सांगायला जमलं नाही.

मला काय माहीत तू ती वीस-बावीस वर्षं अशी जपशील. आणि तुझ्या गावाची पऱ्हाटी त्यात अडकेल.

साक्षगंधानंतर सांग असं मी लिहिलं होतं. ते मी लिहिलं की त्या सव्वीस वर्षांच्या कोकिळेनं लिहिलं, मला ठरवता येत नाही. पण ते पत्र तू फाडून टाक.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. साकेत नाही म्हणेल, दादा चिडेल, त्या मुलाची आई तर नक्की चिडेल, तिनं पेढे सांगून ठेवले आहेत. पण ते "नाही" त्यांच्या तोंडून येऊ दे. तू आधीच म्हणून टाकू नकोस.

रामलालजवळ डबा पाठवते आहे. बघ, ओळखतेस का.

तुझी,
कोकिळाआत्या

*

पांढरकवडा,
बुधवार, ४ ऑक्टोबर

ती. आत्या,
सा. न.

डबा ओळखला. झाकणावरचा हत्ती अजून अर्धा आहे.

दुपारी तो उघडला, लाभाच्या सगळ्या सरक्या अजून आत आहेत. सरकीवरचा तो बारीक पांढरा रोवा पिवळा पडला आहे. उगवणार नाही एकही, पण मी शंभर बाजूला काढून ओल्या कागदात गुंडाळल्या आहेत. तू करणार होतीस तशा. लालीबाई म्हणाली, "मॅडम, मेलेलं बी कायले भिजवता?" मी म्हटलं, माझ्या आत्याचं राहिलेलं काम आहे. मग कागदावर पाणी तिनंच शिंपडलं.

बाकीच्या आम्ही दोघींनी मोजल्या. एकापासून. खिडकीतून ऊन भिंतीवर चढत गेलं तोपर्यंत मोजत होतो. सहाशे एकेचाळीस, शंभर धरून. सहाशे एकेचाळीस वेळा तू पाटावर माझ्यासमोर बसली होतीस आणि मला वाटायचं आपण दोघीच आहोत. तिसरीही तिथे होती, अकोल्याला न गेलेली.

मग फोन केले.

गुरुवारी मी येत नाही, साक्षगंध पुढे घ्या, म्हटल्यावर बाबा आधी चिडले. पन्नास माणसं, हॉल, सगळं म्हणाले. मग म्हणाले, "कोकिळेला माहीत आहे?" मी हो म्हटलं.  मग, "तिनं काय सांगितलं?" मी म्हटलं, काही नाही, तिनं मला ठरवू दिलं.  अकोल्याचं मी बोलले नाही. ते तुझं आहे.

साकेतला सगळं पहिल्यापासून सांगितलं. सापळे, सात, आठ, साहेब, दसरा. फेलोशिप आता मिळेल असं धरू नकोस, नागपूर सुटू शकतं, हेही. आणि अंगठीचं माप सांगताना हे लपवलं, तेही. तो म्हणाला, "आठ आणि सात यांत एवढं काय आहे ते मला अजून नीट कळलं नाही." मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सगळा फरक पहिल्या पतंगाचा." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आई ऐकेल की नाही सांगता येत नाही. मी तिला विचारतो." मी म्हटलं, विचार. त्याला वाटलं असेल मी इतकी शांत कशी. मी शांत नव्हते.  पण ते "नाही" त्यांच्या तोंडून येणार असेल तर येऊ दे, असं तूच लिहिलंस. अजून उत्तर आलेलं नाही.

दुरुस्तीचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. जूनपासूनच्या सगळ्या तारखा, जुना आकडा, खरा आकडा. कारणाच्या रकान्यात लिहिलं : मोजणाऱ्याची घरगुती सवय, पहिला पतंग मोजला जात नव्हता. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "घरगुती सवय! वर हसतील." मी म्हटलं, हसू द्या सर. त्यांनी सही केली नाही. फेकूनही दिला नाही. खणात ठेवला.

काय बोलायचं ते लिहून काढलं आहे. चूक माझी, सापळ्याची नाही. डोमकळ्या तोडा, चुलीत टाका. किडकी बोंडं वेचा. सगळे मिळून पंप घेऊन पळू नका. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवू नका. एवढंच, पाच मिनिटांचं. किसनरावांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "चूक माही, हे पयले सांगजो. मंग लोक आयकतीन."

तुला वातींसाठी कापूस हवा होता. उद्या सकाळी सापळे मोजून झाले की मूठभर वेचते. अळी नसलेला बघून.

हे पत्र रामलालभाऊ सकाळच्या गाडीने आणतील, म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा आजचा उद्या आज झालेला असेल. दूध चुलीवर चढण्याआधी, दिवस मावळताना, मारुतीच्या पारावर, सगळे बसायची वाट न बघता मी उभी राहणार आहे. गुरुवार, ५ ऑक्टोबर.

तुझी,
आभा